काळा शनिवार

मुलांनो, एखादी बातमी सगळीकडे लवकर पसरली की मराठीत आपण म्हणतो, ‘बातमी वणव्यासारखी पसरली.’ तुम्ही घरी उर्दूत ज्याला ‘जंगल की आग’ म्हणता, त्यालाच मराठीत ‘वणवा’ म्हणतात. वणवा किती वेगाने पसरतो, हे लोकांनी पूर्वीपासून पाहिले होते. म्हणून तर हा वाक्प्रचार भाषेत आला. पण खरा वणवा कसा असतो? तो कशाने लागतो? तो आला की माणसे काय करतात, आणि त्यांनी काय करायला हवे? या पाठात आपण एका मोठ्या वणव्याची हकिकत वाचणार आहोत. ही हकिकत ऑस्ट्रेलियातील आहे.

ऑस्ट्रेलिया हा देश पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात आहे. त्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी पडते, तेव्हा तेथे कडक उन्हाळा असतो. या देशाच्या आग्नेय कोपऱ्यात व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे. मेलबर्न हे मोठे शहर या राज्याची राजधानी आहे. मेलबर्नच्या उत्तरेला आणि पूर्वेला डोंगर आहेत. डोंगरांवर उंच झाडांची दाट जंगले आहेत. त्या जंगलांच्या कडेला लहान लहान गावे वसली आहेत. स्वच्छ हवा, गर्द झाडी आणि शांतता यांमुळे अनेक लोक तेथे राहायला जातात.

शनिवार, ७ फेब्रुवारी २००९ रोजी या भागात भयंकर वणवे पेटले. त्या एका दिवसातील आगींनी १७३ माणसांचा बळी घेतला. दोन हजारांहून अधिक घरे जळाली. सुमारे साडेचार लाख हेक्टर जमीन होरपळली. ऑस्ट्रेलियातील लोक त्या दिवसाला ‘काळा शनिवार’ म्हणतात.

आग लागण्यापूर्वी

कोणत्याही आगीला तीन गोष्टी लागतात. पहिली गोष्ट म्हणजे जळण, दुसरी हवा आणि तिसरी उष्णता. यांपैकी एक जरी काढून घेतली तरी आग विझते. चुलीतले लाकूड बाहेर ओढले की जाळ कमी होतो. जळत्या कढईवर झाकण ठेवले की हवा तुटते आणि ज्वाला मरते. निखाऱ्यावर पाणी ओतले की उष्णता जाते आणि तो काळा पडतो. काळ्या शनिवारी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी भरपूर जमल्या होत्या.

प्रथम जळणाचा विचार करू. व्हिक्टोरियात त्याआधी दहा-बारा वर्षे पाऊस कमी पडत होता. जमीन कोरडी झाली होती. त्या वर्षी जानेवारीत मेलबर्नला पाऊस जवळजवळ पडलाच नाही. गवत वाळून पिवळे झाले. त्या जंगलांत मुख्यतः नीलगिरीच्या जातीची झाडे आहेत. नीलगिरी तुम्ही पाहिली असेल. तिच्या पानांत तेल असते, म्हणूनच पान चुरगाळले की उग्र वास येतो. हे तेल चटकन पेटते. यांतील बऱ्याच जातींच्या झाडांची साल लांब पट्ट्यांच्या रूपाने सुटून खाली लोंबते. अशी साल, वाळकी पाने आणि काटक्या यांचा जाड थर जंगलात साचला होता.

आता उष्णतेकडे वळू. जानेवारीच्या शेवटी मेलबर्नमध्ये सलग तीन दिवस तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले. ७ फेब्रुवारीला तर ते ४६.४ अंशांवर पोहोचले. शहरात दीडशेहून अधिक वर्षे हवामानाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. त्यांत एवढे तापमान पूर्वी कधीच नोंदले गेले नव्हते. हवेतील आर्द्रता, म्हणजे ओलावा, दहा टक्क्यांच्याही खाली उतरला होता. अशा हवेत ओले लाकूडही लवकर सुकते. मग वाळलेल्या पाल्याची काय कथा!

राहिला वारा. त्या दिवशी सकाळपासून देशाच्या आतील वाळवंटी भागाकडून गरम, कोरडा वारा सुटला. काही ठिकाणी त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. वारा आगीला नवी हवा पुरवतो, ज्वाला पुढे वाकवतो आणि पुढचे जळण आधीच तापवून ठेवतो.

हे सगळे अचानक घडले का? नाही. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. आदल्या दिवशी राज्याचे प्रमुख जॉन ब्रम्बी यांनीही लोकांना सांगितले होते, की उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातील सर्वांत वाईट दिवस ठरू शकतो. म्हणजे दिवस धोक्याचा आहे हे ठाऊक होते. तरीही एवढी माणसे का दगावली? हा प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

ठिणगी कशी पडली

त्या शनिवारी राज्यात तीनशेहून अधिक ठिकाणी लहानमोठ्या आगी लागल्या. त्यांतील सर्वांत घातक आग मेलबर्नच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर, किल्मोर ईस्ट या भागात लागली. तेथे एका दरीवरून विजेची जुनी तार गेली होती. दुपारी बाराच्या थोडे आधी, जोराच्या वाऱ्यात ती तार तुटली. ठिणग्या उडाल्या आणि खालचे वाळके गवत पेटले. या एका आगीने पुढे ११९ लोकांचे प्राण घेतले.

त्या दिवशी ज्या ११ मोठ्या आगी लागल्या, त्यांतील ५ विजेच्या तारा किंवा साहित्य निकामी झाल्यामुळे लागल्या होत्या, असे पुढे चौकशीत आढळले. चर्चिल नावाच्या गावाजवळची आग मात्र एका माणसाने मुद्दाम लावली होती. २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ऊन, वारा आणि दुष्काळ वणव्याची तयारी करून ठेवतात. पण नुसत्या उन्हाने जंगल पेटत नाही. ठिणगी कोठून तरी यावी लागते. कधी ती आकाशातल्या विजेपासून येते. पुष्कळ वेळा ती माणसाकडून येते. विजेची तुटकी तार, यंत्रातून उडालेली ठिणगी, न विझवलेली चूल, फेकलेले थोटूक, नाही तर एखाद्याची दुष्ट बुद्धी! आपण ऊन थांबवू शकत नाही, पण ठिणगी थांबवू शकतो.

आग कशी पसरली

किल्मोर ईस्टची आग वाऱ्याबरोबर आग्नेय दिशेला धावू लागली. वाटेत एक रुंद महामार्ग होता. डांबरी रस्ता जळत नाही, म्हणून तेथे आग अडेल अशी आशा होती. पण आग तो रस्ता ओलांडून पलीकडे गेली. ती कशी गेली असेल?

झाडांच्या सालीचे जळते तुकडे वाऱ्याने उंच उडतात आणि पुढे दूर जाऊन पडतात. जेथे पडतात तेथे नवी आग लागते. त्या दिवशी असे जळते तुकडे मुख्य आगीच्या पुढे ३० किलोमीटरपर्यंत गेले. विचार करा, वणवा शेजारच्या तालुक्यात आहे आणि त्याची ठिणगी तुमच्या अंगणात पडते आहे!

डोंगराळ प्रदेशाने आगीला आणखी बळ दिले. आग चढावर जास्त वेगाने जाते. काडी पेटवून तिचे पेटलेले टोक खाली धरले तर ज्योत भराभर वर चढते, हे तुम्ही पाहिले असेल. डोंगरावरही तसेच होते. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. सपाट जमिनीवर जी आग मागे सोडून पळता येईल, ती चढावर माणसाला गाठते.

संध्याकाळी वाऱ्याने दिशा बदलली. तोपर्यंत वायव्येकडून येणारा वारा आता नैऋत्येकडून वाहू लागला. समुद्राकडून आलेला हा वारा थंड होता. थंड वारा आला म्हणजे सुटका झाली, असे कोणालाही वाटेल. पण त्यानेच घात केला. तोवर आग एका लांब, अरुंद पट्ट्यासारखी पुढे सरकत होती. तिचे तोंड लहान होते आणि बाजू कित्येक किलोमीटर लांब होती. वारा फिरला आणि ती सगळी बाजूच आगीचे तोंड बनली. आता आग लांबच लांब भिंतीसारखी ईशान्येकडे निघाली. ज्या गावांच्या बाजूने आग निघून जाईल असे वाटत होते, ती गावे तिच्या वाटेत सापडली.

त्यांपैकी एक गाव म्हणजे डोंगरमाथ्यावरील किंगलेक. तेथे आणि आसपासच्या वस्त्यांत संध्याकाळी आग पोहोचली तेव्हा धुराने दिवसाढवळ्या अंधार झाला होता. अनेकांना इशारा मिळाला तो आग दाराशी आल्यावर. काहींना तर तो मिळालाच नाही.

दुसरे गाव मेरीसव्हिल. हे टुमदार गाव सहलीसाठी प्रसिद्ध होते. ते दुसऱ्या एका आगीच्या तडाख्यात सापडले. त्या आगीत ४० लोक मृत्यू पावले. गावातील बोटांवर मोजण्याइतक्याच इमारती उरल्या. पण याच गावात अनेकांचे प्राणही वाचले. गावातील एका मोकळ्या मैदानावर लोक जमले होते. पोलिसांनी त्यांना मोटारींच्या रांगेने अलेक्झांड्रा या गावी हलवले. हे काम अंधारात, धुरात आणि आग मागे येत असताना झाले. थोडा उशीर झाला असता तर मृतांचा आकडा आणखी वाढला असता.

माणसे का मेली

आता आपण मघाच्या प्रश्नाकडे येऊ. धोका ठाऊक असूनही एवढी माणसे का मेली?

ऑस्ट्रेलियात वणवे नवीन नाहीत. १३ जानेवारी १९३९ रोजी व्हिक्टोरियात मोठा वणवा झाला होता. त्या वेळच्या आगींत ७१ लोक मेले. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया आणि शेजारचे दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत ७५ लोक मेले. या अनुभवांवरून लोकांच्या ध्यानात आले, की शेवटच्या क्षणी घर सोडून पळणारी माणसे रस्त्यात सापडतात आणि मरतात. रस्ता धुराने दिसत नाही. झाडे आडवी पडलेली असतात. म्हणून सरकारने लोकांना एक सल्ला दिला : ‘तयारी करा, थांबा आणि घराचे रक्षण करा, नाही तर लवकर निघून जा.’

साध्या वणव्यात हा सल्ला उपयोगी पडत असे. घराभोवतीचे गवत काढलेले असेल, पाण्याची टाकी भरलेली असेल आणि घरात दोन-तीन धडधाकट माणसे असतील, तर ती माणसे पडणारे निखारे विझवून घर वाचवू शकत. पण काळ्या शनिवारची आग साधी नव्हती. वीज गेली आणि विजेवर चालणारे पंप बंद पडले. निखारे छपराच्या फटींतून आणि पन्हळींतून आत शिरले.

शिवाय आगीची धगच एवढी होती, की ज्वाला अंगाला लागण्यापूर्वीच माणूस होरपळून जात असे. भट्टीसमोर उभे राहिले तर दुरूनही तोंड भाजते. मग झाडांच्या शेंड्यांवरून उसळणाऱ्या ज्वालांची धग किती असेल!

मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक घरांतच सापडले. त्यांच्यातील शेकडा ४४ जण एक तर बारा वर्षांखालील मुले होती, किंवा सत्तरीच्या पुढची म्हातारी माणसे होती, किंवा आजारी वा अपंग होती. ही माणसे आगीशी झुंजू शकत नव्हती. त्यांना वाचवण्याचा एकच मार्ग होता. त्यांना वेळेवर दुसरीकडे नेणे हाच तो मार्ग. पण वेळ कोणती, हे त्यांना कोणी स्पष्ट सांगितले नव्हते. ‘थांबा किंवा जा’ असे म्हटल्यावर बरेच लोक ‘बघू या, काय होते ते’ म्हणून वाट पाहत राहिले. वणव्यात अशी वाट पाहणे सर्वांत घातक असते.

वणव्यानंतर

आगी पूर्ण आटोक्यात यायला मार्चचा मध्य उजाडला. आगीशी लढणाऱ्यांत हजारो स्वयंसेवक होते. हे लोक एरवी शेती, दुकान, नोकरी करतात आणि आग लागली की पगार न घेता ती विझवायला धावतात. काही जण इतरांची घरे वाचवत होते, तेव्हा त्यांचे स्वतःचे घर जळत होते. ऑस्ट्रेलियाच्या इतर राज्यांतून आणि न्यूझीलंड, अमेरिका या देशांतूनही मदतीला पथके आली. २२ फेब्रुवारीला देशभर शोकदिन पाळण्यात आला. लोकांनी ३० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मदत म्हणून गोळा केली.

हानी केवळ माणसांची झाली नाही. हजारो गुरेमेंढ्या मेल्या. कोआला, कांगारू, पक्षी अशा लाखो वन्य प्राण्यांचा नाश झाला. मेलबर्नला पिण्याचे पाणी ज्या डोंगरांवरून मिळते, त्यांतील काही भागही जळाला. जंगल जळाले की पावसाच्या पाण्याबरोबर राख आणि माती वाहून जलाशयांत जाते. त्यामुळे पाण्याची काळजी घ्यावी लागली. चौकशी आयोगाने एकूण नुकसान ४ अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले. अर्थात मनावर झालेल्या जखमा कोणत्याही हिशेबात धरता येत नाहीत.

निसर्गाची एक गंमतही सांगितली पाहिजे. त्या डोंगरांवर ‘माउंटन ॲश’ नावाची नीलगिरीची जात आहे. ही झाडे ९० मीटरपर्यंत उंच वाढतात. मोठ्या वणव्यात ती मरतात. पण आगीच्या उष्णतेने त्यांची शेंड्यावरची बोंडे उकलतात आणि बी खाली राखेत पडते. सूर्यप्रकाश आणि राखेचे खत मिळाल्यावर हजारो रोपे वर येतात. म्हणजे आग हा या जंगलाच्या जीवनाचाच एक भाग आहे. परंतु या रोपांना स्वतःचे बी धरायला सुमारे वीस वर्षे लागतात. तेवढ्यात दुसरा वणवा आला तर बी नसल्याने जंगल पुन्हा उगवत नाही. पृथ्वी तापत चालल्यामुळे ऑस्ट्रेलियात वणव्याला पोषक असे दिवस आता वाढले आहेत. म्हणून या जंगलांविषयी शास्त्रज्ञांना चिंता वाटते.

चुकांतून शिकणे

सरकारने निवृत्त न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने गावोगावच्या लोकांचे ऐकून घेतले, तज्ज्ञांना प्रश्न विचारले आणि प्रत्येक मृत्यूची माहिती तपासली. ३१ जुलै २०१० रोजी त्याने आपला अंतिम अहवाल दिला. त्यात ६७ शिफारशी होत्या. त्यांतून पुढे पुष्कळ बदल झाले.

पहिला बदल सल्ल्यात झाला. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे लवकर निघून जाणे, हे आता लोकांना स्पष्ट सांगितले जाऊ लागले. घर पुन्हा बांधता येते, माणूस पुन्हा आणता येत नाही.

दुसरा बदल धोका मोजण्याच्या पट्टीत झाला. ऑस्ट्रेलियात हवामानावरून वणव्याचा धोका अंकांत मोजत. १९३९ च्या त्या भयंकर दिवसाचा धोका १०० धरून ही पट्टी बनवली होती. याहून वाईट दिवस येणार नाही, अशी तेव्हाची समजूत होती. काळ्या शनिवारी धोका १०० च्या खूप वर गेला. पट्टीच अपुरी पडली! म्हणून तिच्या वर आणखी एक पायरी जोडण्यात आली. सप्टेंबर २०२२ पासून सर्व देशात एकच पद्धत लागू झाली. तीत मध्यम, उच्च, अतितीव्र आणि सर्वनाशी अशा अर्थाच्या चार पायऱ्या आहेत. शेवटची पायरी जाहीर झाली की त्या भागातील लोकांना एकच सांगणे असते : जीव वाचवायचा असेल तर धोक्याचा भाग सोडा.

तिसरा बदल इशाऱ्याच्या पद्धतीत झाला. २००९ च्या अखेरीस अशी व्यवस्था सुरू झाली, की धोक्यातील भागातल्या सर्व दूरध्वनींवर आणि मोबाइलवर एकाच वेळी संदेश जातो. जे वेळेत बाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यासाठी गावोगावी शेवटच्या आसऱ्याच्या जागा ठरवण्यात आल्या.

चौथा बदल विजेच्या व्यवस्थेत झाला. धोक्याच्या भागातील काही तारा जमिनीखालून नेल्या किंवा बदलल्या. तार तुटून जमिनीवर पडताच क्षणार्धात तिच्यातील प्रवाह कमी करणारी यंत्रे बसवण्यात आली. किल्मोर ईस्टच्या आगीत नुकसान झालेल्या लोकांनी न्यायालयात दावा केला होता. २०१४ मध्ये त्यात तडजोड होऊन त्यांना सुमारे ५० कोटी डॉलर भरपाई मिळाली.

पाचवी गोष्ट जुनीच होती, पण तिच्याकडे पुन्हा लक्ष गेले. थंड हवेच्या दिवसांत जंगलाचा काही भाग मुद्दाम, देखरेखीखाली हळूहळू जाळला तर जळण कमी होते. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून अशी लहान, थंड आग वापरत आले आहेत. आता त्यांचे हे ज्ञान पुन्हा शिकले जात आहे.

या बदलांचा उपयोग झाला का? २०१९-२० च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियात काळ्या शनिवारच्या कितीतरी पट मोठ्या प्रदेशात वणवे पेटले. सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन जळाली. तीन हजारांहून अधिक घरे गेली. आगीत ३३ लोक मेले, आणि धुरामुळे झालेले मृत्यू शेकड्यांत असावेत असा अंदाज आहे. ही हानी लहान नाही. परंतु आधीच हलवल्यामुळे हजारो लोक वाचले. समुद्रकाठच्या मॅलाकूटा गावाचा रस्ता आगीने बंद झाला, तेव्हा एक हजारांहून अधिक लोकांना नौदलाच्या जहाजांनी सुखरूप बाहेर काढले. इशारा वेळेवर पोहोचला आणि लोकांनी तो मानला, तर केवढा फरक पडतो हे यावरून दिसते.

आपल्या डोंगरावर

मुलांनो, आपल्या महाराष्ट्रातही फेब्रुवारीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत वणवे लागतात. सह्याद्रीच्या उतारांवर आणि विदर्भाच्या जंगलांत या दिवसांत वाळलेल्या पानांचा थर साचतो. आपल्याकडची आग बहुधा जमिनीवरून सरपटत जाते, ऑस्ट्रेलियातल्यासारखी शेंड्यांवरून धावत नाही. तरीही ती कोवळी रोपे, पक्ष्यांची अंडी, सरडे, ससे आणि गुरांचा चारा जाळून टाकते. आणि आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसांमुळेच लागतात. कोणी मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतो. कोणी नवे गवत फुटावे म्हणून डोंगराला आग लावतो. कोणी शेतातील राब भाजताना लक्ष देत नाही. कोणी सहलीला जाऊन चूल तशीच सोडतो, तर कोणी पेटती विडी फेकतो.

वनखाते उन्हाळ्यापूर्वी जंगलात जाळरेषा काढते. म्हणजे एका पट्ट्यातील गवत-पाला काढून टाकते, की आग तेथे येऊन थांबावी. उपग्रहावरूनही कोठे आग दिसते ते कळते आणि वनरक्षकांना सूचना जाते. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला धूर सर्वांत आधी दिसतो. तो माणूस तुम्ही असाल तर काय कराल? आग लहान आहे असे समजून एकटे विझवायला धावू नका. तिच्या वरच्या बाजूला चढावर तर कधीच थांबू नका. कारण आग चढावर कशी धावते, ते तुम्ही वाचले आहे. लगेच मोठ्या माणसांना, वनरक्षकाला किंवा अग्निशमन दलाला कळवा. घरात आजी-आजोबा किंवा लहान भावंडे असतील तर त्यांना आधी सुरक्षित जागी न्या. आणि सहलीला गेलात तर चुलीवर पाणी ओता, माती टाका आणि राखेवर दुरून हात धरून धग उरली नाही ना, ते पाहूनच निघा.

काळ्या शनिवारी आगीशी लढणारी माणसे शूर होती. त्यांच्याजवळ पाण्याचे बंब होते, विमानेही होती. तरी त्या दिवशी ती आग त्यांच्या हाती लागली नाही. जे वाचले, त्यांतील पुष्कळ जण आग येण्याआधी निघाले म्हणून वाचले. बातमी वणव्यासारखी पसरते, असे आपण म्हणतो. वणव्याची बातमी मात्र वणव्याच्या आधी पोहोचली पाहिजे, आणि ती ऐकताच पावले उचलली पाहिजेत.